मेहरीची पत्रे, नसरीनबाईंची किल्ली : ‘पर्सेपोलिस’मधले युद्ध, श्रद्धा आणि वर्ग

मार्जान सत्रपी यांच्या ‘पर्सेपोलिस’ या चित्ररूप आत्मकथनाच्या बालपणाच्या भागात युद्ध, धर्मश्रद्धा आणि सामाजिक वर्ग यांचे चित्रण कसे येते, आणि त्यावर प्रबंध लिहिताना या तीन विषयांची तीन स्वतंत्र प्रकरणे करावीत का, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला आहे. हे पुस्तक मी पदव्युत्तर वर्गांना बरीच वर्षे शिकवत आले आहे, आणि प्रश्नाच्या दुसऱ्या भागाचे उत्तर मी आधी देते : तीन प्रकरणे करू नयेत. ती केली की पुस्तकातली सर्वांत मोलाची गोष्ट हातातून निसटते. पुस्तकातल्या मुलीच्या, म्हणजे लहानपणीच्या लेखिकेच्या (मार्जीच्या), मनात देव येतो तो घरातल्या विषमतेची तिला लाज वाटते म्हणून. आणि पुढे युद्ध सुरू झाल्यावर त्याच देवाच्या नावाने कोणाची मुले आघाडीवर जाणार आणि कोणाची घरी राहणार, हे वर्गाने ठरते. श्रद्धा आणि युद्ध यांच्यामधला सांधा वर्ग हा आहे, आणि लेखिकेला तो स्वतःच्या घरातच सापडतो.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. सत्रपी यांचा जन्म १९६९ साली इराणमधल्या रश्त या शहरात झाला आणि त्या तेहरानमध्ये वाढल्या. पुस्तक मूळ फ्रेंचमध्ये २००० ते २००३ या काळात चार खंडांत प्रसिद्ध झाले. आपल्याकडे जो इंग्रजी अनुवाद वाचला जातो त्यात पहिल्या दोन खंडांचे एक पुस्तक केलेले आहे आणि प्रश्न त्याच भागाविषयी आहे. कथा १९८० मध्ये, दहा वर्षांच्या मार्जीवर शाळेत हिजाबची सक्ती होते तिथून सुरू होते, मागे १९७९च्या इस्लामी क्रांतीच्या काळात जाते, आणि १९८४ मध्ये आईवडील तिला एकटीला व्हिएन्नाला पाठवतात तिथे थांबते. कुटुंब सुखवस्तू, सुशिक्षित आणि डाव्या विचारांचे आहे. वडील इंजिनिअर आहेत, दारात कॅडिलॅक गाडी आहे, घरात कामाला मुलगी आहे. आणि आजोबा इराणवर पूर्वी राज्य केलेल्या काजार राजघराण्यातले असूनही साम्यवादी झालेले, त्यासाठी तुरुंगवास भोगलेले. उच्च कुळ आणि समतेचा विचार हे एकाच छपराखाली नांदत असल्यामुळे जो ताण निर्माण होतो, त्यातून हे सगळे पुस्तक उभे राहते.

आता श्रद्धेकडे पाहू. सहा वर्षांच्या मार्जीला खात्री आहे की ती शेवटची प्रेषित होणार. अनेक समीक्षकांनी हा प्रसंग बालसुलभ गंमत म्हणून नोंदवला आहे. मला तो पुस्तकाचा पाया वाटतो. प्रेषित व्हायचे कारण काय, तर घरातली मोलकरीण आपल्याबरोबर जेवायला बसत नाही, वडिलांकडे कॅडिलॅक आहे, आणि आजीचे गुडघे सतत दुखतात. पहिली दोन कारणे सरळसरळ वर्गाची आहेत आणि तिसरे करुणेचे. या मुलीच्या धर्मात कर्मकांड जवळजवळ नाहीच. ती स्वतःचा पवित्र ग्रंथ लिहायला घेते, त्यात म्हाताऱ्या माणसांना दुखता कामा नये असा नियम घालते. आजी विचारते, हे होणार कसे, तर उत्तर मिळते की दुखण्यालाच मनाई असेल. झरथुष्ट्राची सद्वर्तनाची शिकवणही तिला हवी आहे आणि इस्लामपूर्व काळापासून चालत आलेला नवरोजही हवा आहे. (मुंबईत पारशी आणि इराणी शेजाऱ्यांच्या घरी नवरोज पाहिलेल्या वाचकाला या सरमिसळीचे नवल वाटणार नाही.) रात्री पांढऱ्या दाढीचा देव तिच्या खोलीत येऊन बसतो आणि त्याचा चेहरा तिने चित्रकथेत पाहिलेल्या मार्क्सच्या चेहऱ्याशी इतका मिळताजुळता आहे की तिला स्वतःलाच त्याची मजा वाटते. हे साम्य लेखिकेने हसवण्यासाठी काढलेले असले तरी त्यात नेमका अर्थ आहे. या वयात न्याय मागण्यासाठी मुलीकडे दोन भाषा आहेत, एक घरातल्या पुस्तकांची आणि एक देवाची, आणि त्या दोन्ही तिला एकच वाटतात.

याच भागात आजीने सांगितलेली एक आठवण आहे. आजोबा तुरुंगात असताना घरात शिजवायला काही नसे, तेव्हा शेजाऱ्यांना चूल पेटलेली दिसावी म्हणून आजी नुसते पाणी उकळत ठेवी. गरिबी आणि गरिबी लपवण्याची प्रतिष्ठा या दोन्ही गोष्टी त्या एका भांड्यात आहेत. हे घराणे विपन्नावस्थेतही आपले वरचे स्थान सोडत नाही, आणि पुढचा मेहरीचा प्रसंग समजून घ्यायला ही गोष्ट उपयोगी पडते.

प्रबंधात सर्वांत अधिक जागा मेहरीच्या प्रकरणाला द्यावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मेहरी आठ वर्षांची असताना या घरात कामाला आली. तिच्या शेतकरी आईबापांना इतकी मुले होती की एक तोंड कमी झालेले त्यांना हवेच होते. मार्जीला तिनेच सांभाळले. मोठी झाल्यावर ती समोरच्या घरातल्या मुलाच्या प्रेमात पडते. खिडक्यांतून पाहणे होते, मग पत्रे होतात; पण मेहरीला लिहितावाचता येत नाही, त्यामुळे तिची पत्रे मार्जी लिहिते. इथे क्षणभर थांबून विचार करावा. मोलकरणीला मुलीसारखे वाढवणाऱ्या, समतेवर बोलणाऱ्या या घरात इतक्या वर्षांत तिला कोणी अक्षरओळख करून दिलेली नाही. लेखिका यावर एक शब्दही भाष्य करत नाही. ती फक्त पत्र लिहिणाऱ्या लहान मुलीचे चित्र काढते.

बातमी नातेवाइकांच्या घरांतून फिरत फिरत वडिलांच्या कानी येते. वडील शेजाऱ्याकडे जातात आणि त्या मुलाला सांगतात की मेहरी आमची मुलगी नव्हे, मोलकरीण आहे. मुलगा तत्काळ माघार घेतो आणि मेहरीची पत्रे परत करतो. त्यांतले अक्षर पाहून वडिलांना कळते की ती कोणी लिहिली. मग ते मार्जीला शांतपणे, प्रेमाने समजावतात की हे प्रेम होणे शक्यच नव्हते, कारण या देशात माणसाने आपल्या वर्गातच राहावे लागते. ती उलट विचारते की मेहरी जिथे जन्मली त्यात तिचा काय दोष. आणि वडील वर्गव्यवस्थेच्या बाजूचे की विरोधातले, हाही प्रश्न तिला पडतो. वडील क्रूर नाहीत. इराणच्या राजाविरुद्ध, म्हणजे शहाविरुद्ध, झालेल्या निदर्शनांत ते जीव धोक्यात घालून छायाचित्रे काढतात. म्हणूनच हा प्रसंग इतका बोचतो. सिंहासनाविरुद्ध लढायला तयार असलेल्या माणसाला समोरच्या खिडकीपर्यंतचे अंतर ओलांडता येत नाही.

त्या रात्री मार्जी मेहरीच्या बिछान्यात जाऊन तिला बिलगते. दुसऱ्या दिवशी दोघी घरात न सांगता निदर्शनाला जातात, आणि परतल्यावर आईच्या हातची थप्पड दोघींनाही बसते. तो दिवस ८ सप्टेंबर १९७८चा, तेहरानमध्ये सैन्याने निदर्शकांवर गोळीबार केला तो ‘काळा शुक्रवार’ होता. क्रांती का होते आहे हे मार्जीला मेहरीच्या फसलेल्या प्रेमातून उमगते आणि ती रस्त्यावर उतरते, ही या पुस्तकातली राजकीय कार्यकारणाची साखळी आहे. इतिहासाच्या पुस्तकात तेलाचे उत्पन्न, गुप्त पोलीस, धर्मगुरूंचे जाळे अशी कारणे येतील आणि ती खरीच आहेत. परंतु बालपणाचे आत्मकथन इतिहासात भर घालते ती इथे. मोठे कारण घरात कोणत्या रूपाने शिरले, हे त्यातून कळते.

क्रांती होते, आणि जे क्रांतीच्या बाजूने लढले त्यांच्यावरच ती उलटते. मार्जीचा लाडका काका अनुश शहाच्या काळात नऊ वर्षे तुरुंगात राहिलेला असतो. नव्या राजवटीत त्याला पुन्हा पकडून देहदंड दिला जातो. शेवटच्या भेटीसाठी तो तिलाच बोलावतो आणि तुरुंगातल्या पावाचा केलेला छोटा हंस तिला देतो. त्याच्या देहदंडाची बातमी आल्यावर देव नेहमीप्रमाणे तिची समजूत घालायला येतो, आणि ती त्याला आपल्या आयुष्यातून चालते व्हायला सांगते. पुढच्या चौकटीत ती अंतराळात, कशाचाही आधार नसलेली तरंगताना दिसते, आणि तिथेच युद्ध सुरू झाल्याचा उल्लेख येतो. या पानावर दोन घटना लागोपाठ ठेवण्यात लेखिकेचे कौशल्य आहे. एका मुलीची न्यायावर उभी असलेली श्रद्धा संपते, आणि शासनाची आज्ञा म्हणून लादलेली श्रद्धा नेमक्या त्याच काळात देशभर पसरू लागते. ‘लेखिका धर्मविरोधी आहे’ असे ढोबळ विधान जे करतात, त्यांनी हे पान पुन्हा पाहावे. हरवलेल्या देवाबद्दलचे दुःख या पुस्तकात खरे आहे.

युद्ध २२ सप्टेंबर १९८० रोजी इराकच्या आक्रमणाने सुरू झाले आणि ऑगस्ट १९८८ पर्यंत चालले. मार्जीची पहिली प्रतिक्रिया कडव्या देशाभिमानाची आहे, आणि लेखिका ती लपवत नाही. बगदादवर इराणी एफ-१४ विमानांनी बॉम्ब टाकल्याच्या बातमीने तिला आनंद होतो. बंद पडलेले जुने राष्ट्रगीत दूरचित्रवाणीवर लागते तेव्हा घरातल्या सगळ्यांचे डोळे भरून येतात, कारण तुरुंगातून सोडलेल्या वैमानिकांनी उड्डाणासाठी तीच अट घातलेली असते. मग शाळेत युद्धावर निबंध लिहायला सांगतात. मार्जी अरब आक्रमणापासूनचा चौदाशे वर्षांचा इतिहास मांडते आणि आपला निबंध उत्तम झाला असे मानते. तिची मैत्रीण पार्दिस, जिचे वैमानिक वडील त्या हल्ल्यात मारले गेले, ती वडिलांना पत्र लिहिते आणि आई व लहान भावाला सांभाळण्याचे वचन देते. मार्जी तिला समजावते की वडील वीर म्हणून गेले. पार्दिस म्हणते की ते तुरुंगात का होईना, जिवंत असते तर बरे झाले असते. युद्धाविषयीचे मार्जीचे पुस्तकी बोलणे इथून पुढे कमी होत जाते.

आता किल्लीचे प्रकरण. घरी कामाला येणाऱ्या नसरीनबाई एक दिवस हादरलेल्या येतात. त्यांच्या चौदा वर्षांच्या मुलाला शाळेत सोनेरी रंग दिलेली प्लॅस्टिकची किल्ली मिळाली आहे. युद्धात मरण आले तर हिने स्वर्गाचे दार उघडेल असे त्याला सांगितले आहे. तिथे अन्न आहे, स्त्रिया आहेत, सोन्याची आणि हिऱ्यांची घरे आहेत. नसरीनबाई आयुष्यभर धर्माने वागलेल्या आहेत. ज्या धर्माने त्यांना आजवर तगवले, तोच आता मुलगा मागतो आहे, आणि त्यांचा विश्वास डळमळतो. मार्जीची आई त्या मुलाला समजावून पाहते. पण मार्जीला एक साधी शंका येते, आणि ती आपल्या वयाच्या चुलतभावाला विचारते की तुमच्या शाळेत किल्ल्या वाटल्या का. त्याला प्रश्नच कळत नाही. त्याच्या शाळेत, म्हणजे बऱ्या घरांतल्या मुलांच्या शाळेत, किल्ल्या कोणी वाटलेल्याच नाहीत.

या प्रकरणाचा शेवट मी वर्गात नेहमी पुस्तक उघडून दाखवते. पान दोन भागांत विभागलेले आहे. वरच्या मोठ्या चौकटीत सुरुंगांच्या स्फोटाने हवेत उडालेली मुले आहेत. ती काळ्या सावल्यांसारखी, चेहरे नसलेली, आणि प्रत्येकाच्या गळ्यात किल्ली. खालच्या चौकटीत मार्जीच्या आयुष्यातली पहिली पार्टी आहे. तिने आईकडून मुद्दाम भोके ठेवून विणून घेतलेला स्वेटर आणि गळ्यात साखळी घातली आहे, आणि ती झकास दिसते आहे असे ती स्वतः सांगते. वर उडालेले आणि खाली नाचणारे देह जवळजवळ एकाच तऱ्हेने फेकल्यासारखे काढले आहेत. खालच्या मुलांना चेहरे आहेत, वरच्यांना नाहीत. वर गळ्यात किल्ली आहे, खाली साखळी. स्वर्गाची किल्ली गरिबांसाठी होती, एवढे थोडक्यात सांगून श्रद्धा, युद्ध आणि वर्ग हे तिन्ही विषय या एका पानावर एकवटले आहेत, आणि लेखिकेने स्वतःला खालच्या, सुरक्षित चौकटीत ठेवले आहे. स्वतःच्या सुखाला अशा ठिकाणी उभे करायला मोठे धैर्य लागते. मजकुराचा सारांश काढणारा विद्यार्थी नेमके हेच गमावतो, कारण अर्थ इथे दोन चौकटींच्या मधल्या पांढऱ्या रेषेत आहे.

याविषयी एक सावधगिरी बाळगावी. अशा किल्ल्या खरोखर किती प्रमाणात वाटल्या गेल्या याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. अल्पवयीन स्वयंसेवक ‘बसीज’ या स्वयंसेवी निमलष्करी दलामार्फत आघाडीवर गेले, याला मात्र भरपूर आधार आहे. युद्धातील मृतांच्या संख्येचेही तसेच. पुस्तकात दहा लाखांचा आकडा येतो, तर अभ्यासकांचे अंदाज एकमेकांपासून फार दूर आहेत. आत्मकथन हा एका घराने काय पाहिले आणि काय ऐकले याचा पुरावा असतो, आणि तो त्याच नात्याने वापरावा.

श्रद्धेचा हा उपयोग परिणामकारक का ठरला, तेही सांगायला हवे. इ.स. ६८० मध्ये करबला येथे इमाम हुसेन यांना आलेले हौतात्म्य हा शिया धर्मजीवनाचा गाभा आहे, आणि मोहरममधला शोक शतकानुशतके लोकांचा स्वतःचा आहे. आपल्याकडेही अनेक गावांत ताबूत बसतात आणि त्यांत हिंदू घरांचाही सहभाग असतो, त्यामुळे या शोकाची ओढ मराठी वाचकाला अगदीच अनोळखी नाही. शासनाने तो शोक उचलून शाळेच्या वेळापत्रकात बसवला : मुलींना रांगेत उभे करून दिवसातून दोनदा युद्धातल्या हुतात्म्यांसाठी छाती पिटायला लावले. मुली त्याची टिंगल करतात, सजावट म्हणून शौचालयातल्या कागदाच्या माळा करतात. या हसण्यातही वर्ग आहे. मार्जीच्या वर्गातल्या मुलींना हसणे परवडते. नसरीनबाईंच्या मुलाला हसायची मुभा मिळण्याआधीच स्वर्गाचे आमिष मिळालेले आहे.

लेखिकेच्या स्वतःच्या गोतावळ्यातले पूर्वग्रहही पुस्तकात आहेत, आणि प्रबंधात ते झाकू नयेत. मार्जीच्या दुसऱ्या एका काकाला हृदयविकारावर उपचारांसाठी परदेशी न्यायचे असते; परवानगी ज्याच्या हाती आहे तो रुग्णालयाचा संचालक म्हणजे पूर्वी काकूकडे खिडक्या पुसायला येणारा माणूस निघतो. तो आता दाढी राखून, बाईच्या डोळ्यांकडे न पाहता, सगळे देवाच्या इच्छेवर सोपवतो. काकूचा संताप समजण्यासारखा आहे, कारण नवऱ्याचा जीव टांगणीला लागला आहे. तरीही त्या संतापात ‘खिडक्या पुसणारा आमच्या डोक्यावर बसला’ हे दुःखही आहेच. ज्यांच्यासाठी क्रांती हवी होती ती माणसे प्रत्यक्ष खुर्चीवर दिसली की या वर्गाला काय वाटते, हे इथे उघड होते. लेखिका काकूची बाजू घेते का? मला वाटते, बरीचशी घेते. मेहरीच्या प्रकरणात वडिलांना विचारलेला प्रश्न ती इथे काकूला विचारत नाही. पुस्तकावर माझे प्रेम असले तरी ही त्याची मर्यादा मला दिसते.

युद्ध घराजवळ येते तेव्हा क्षेपणास्त्र वर्ग पाहत नाही, असा आक्षेप येऊ शकतो आणि तो योग्य आहे. शेजारच्या बाबा-लेवी या ज्यू कुटुंबाचे घर उद्ध्वस्त होते, ते शनिवारी, शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या विश्रांतीच्या दिवशी, कुटुंब घरातच असताना. ढिगाऱ्यात मार्जीला मैत्रीण नेदाचे फिरोजी खड्यांचे कडे दिसते. पुढची चौकट पूर्ण काळी आहे. आधीच्या प्रकरणांत गरीब मुलांचे मरण बिनचेहऱ्याच्या सावल्यांचे होते, इथे ओळखीच्या मुलीचे मरण आहे आणि त्यासाठी चित्रच उरलेले नाही. दोन्ही मृत्यू शेजारी ठेवून वाचल्यास लक्षात येते की दुःख मोजण्याची आपली रीतही आपण कोणत्या घरात राहतो यावर अवलंबून असते, आणि चित्रकार म्हणून सत्रपी यांनी ते प्रामाणिकपणे तसेच ठेवले आहे.

शेवटी मार्जी देश सोडते. बोलण्यात ती कोणाला ऐकत नाही, शाळेतून काढून टाकली गेली आहे, आणि अशा मुलीचे काय होऊ शकते या भीतीने आईवडील चौदाव्या वर्षी तिला विमानात बसवतात. नसरीनबाईंचा मुलगाही चौदाच वर्षांचा होता. दोन आया, एकाच वयाची दोन मुले, आणि त्या वयात एकीला पासपोर्ट मिळतो, दुसऱ्याला किल्ली. प्रबंधाचा मध्यवर्ती मुद्दा म्हणून मी हीच तुलना सुचवेन.

यातून निवेदनाचा प्रश्न निघतो. आपल्या दलित आत्मकथनांनी वर्ग आणि जात खालून पाहायला शिकवले. तिथे उपाशी पोराच्या हातीच लेखणी आहे. ‘पर्सेपोलिस’मध्ये लेखणी वरच्या घरातल्या मुलीकडे आहे आणि मेहरी व नसरीनबाई तिच्या नजरेतूनच दिसतात. हा दोष म्हणून नोंदवून पुढे जाऊ नये. कोणत्या चौकटींत लेखिका या अंतराची जाणीव ठेवते आणि कोणत्या चौकटींत ती सुटते, हे पानागणिक तपासावे. त्यासाठी चौकटीवरचा मजकूर आणि फुग्यांतले संवाद वेगळे वाचावेत : वरचा आवाज तीस वर्षांच्या बाईचा आहे, फुग्यातला दहा वर्षांच्या मुलीचा, आणि श्रद्धेविषयीची बहुतेक ठाम विधाने पहिल्या आवाजाची आहेत, तर वर्गाविषयीचे अवघड प्रश्न दुसऱ्या आवाजाचे. प्रकरणांची मांडणी विषयांनुसार न करता मेहरी, अनुश, किल्ली आणि बाबा-लेवी अशी प्रसंगांनुसार करावी, आणि काकूच्या प्रसंगाला किल्लीच्या लगेच नंतरची जागा द्यावी.